हाताची पाठ आणि डोक्यावरचं चुंबक

बत्तीस वर्षं मी दीपनगरच्या वीजकेंद्रात काढली आणि निवृत्तीनंतर जळगावातल्या एका दवाखान्यात माणसांच्या डोक्याला चुंबक लावायची नोकरी धरली. लग्नकार्यात कुणी "सध्या काय करता?" म्हणून विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे. ती शांतपणे म्हणते, "खरं आहे ते. रोज डबा घेऊन जातात."

या अंकासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांना वाटलं असावं, की मी बॉयलर, चिमणी आणि कोळशाच्या वाघिणींवर लिहीन. लिहिण्यासारखं तेही पुष्कळ आहे. पण बत्तीस वर्षांत जे मला कुणी शिकवलं नाही ते पुढच्या सहा वर्षांत एका डॉक्टरबाईंनी शिकवलं, आणि ते शिकताना माझ्या हातून जी चूक झाली ती अजून मनातून जात नाही. तेव्हा चिमणी राहू द्या.

बाईंचं नाव वृषाली. आम्ही सगळे मॅडम म्हणतो. मूळच्या धुळ्याच्या, मनोविकारांच्या डॉक्टर, मोठ्या शहरांत शिकून परत आलेल्या. सकाळी त्या नेहमीचे पेशंट तपासायच्या आणि दुपारी संशोधन करायच्या. संशोधन म्हटलं की आपल्यासमोर मोठी प्रयोगशाळा येते. मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली, एक खुर्ची, एक मशीन आणि लोखंडी कपाटभर कागद. औषधांनी ज्यांची उदासी हटत नाही अशांना डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार मोठ्या शहरांत बरीच वर्षं चालतो. मॅडमचा प्रश्न साधा होता. आपल्याकडची माणसं एसटीनं येणार, आपल्या उन्हाळ्यात येणार, आपल्या विजेवर मशीन चालणार. अशात हा उपचार लागू पडतो का, आणि पडला तर किती दिवस पुरतो?

मशीन सारखं बंद पडायचं म्हणून त्यांना वीज कळणारा माणूस हवा होता. माझ्या ओळखीच्या एकानं माझं नाव सुचवलं. मी प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेलो. त्यांनी ती उघडलीही नाही. म्हणाल्या, "आप्पा, वीजकेंद्रात दर तासाला मीटर वाचून वहीत लिहायचे असतात ना? एखादा वाचायचा राहिला तर तुम्ही काय लिहायचात?"

"राहिला असं लिहायचो."

"आधीचा आणि नंतरचा आकडा बघून मधला अंदाजानं नाही टाकायचा?"

"टाकणारे टाकतात. मी नाही टाकला कधी."

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. मुलाखत संपली.

आता हे मशीन काय करतं ते माझ्या भाषेत सांगतो. ट्रान्सफॉर्मर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात दोन गुंडाळ्या असतात. एकीतली वीज कमी-जास्त झाली की भोवती चुंबकत्व तयार होतं आणि स्पर्श नसतानाही दुसऱ्या गुंडाळीत वीज खेळते. इथं पहिली गुंडाळी आमच्या हातात, चष्म्याच्या दोन काचांसारखी शेजारी शेजारी ठेवलेली, वरून प्लास्टिकचं कवच. तिला आम्ही कॉइल म्हणतो. दुसरी गुंडाळी म्हणजे तुमचा मेंदू. कॉइल डोक्याला टेकवायची, मशीन टक टक टक ठोके देतं आणि कवटीच्या आत, मेंदूच्या वरच्या थरातल्या एका छोट्या जागी किंचित वीज खेळते. माणूस जागा असतो. शुद्ध हरपत नाही, भूल नाही. झाल्यावर चहा पिऊन एसटीला जातो. सिनेमात दाखवतात त्या शॉकचा आणि याचा संबंध नाही. मॅडम तर म्हणायच्या, त्या शॉकच्या उपचारालाही सिनेमावाल्यांनी उगीच बदनाम करून ठेवलंय, वेळेला तोच जीव वाचवतो.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा अंगठा उडवावा लागतो. मेंदूतली अंगठा हलवणारी जागा शोधायची, तिच्यावर कॉइल धरायची आणि जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एका ठिकाणी विरुद्ध हाताचा अंगठा आपोआप टुणकन उडतो. त्यावरून त्या माणसाला किती जोर द्यायचा ते ठरतं. तिथून पुढे मोजून उपचाराची जागा. आमच्या खोलीत सगळ्यांत आधी मॅडम स्वतः खुर्चीत बसल्या होत्या, दुसरा मी. माझा अंगठा उडाला तेव्हा मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. आपलं शरीर आपल्याला न विचारता हललं की कसंतरीच होतं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. नरडाण्याकडचे एक आबा होते, माझ्याच गावाकडचे, अहिराणी बोलणारे. दुसऱ्या आठवड्यात थोडं बरं वाटायला लागल्यावर एकदा मला खुणेनं जवळ बोलावून म्हणाले, "आप्पा, गुडघाबी दुखस. तठेबी जरासं लाई द्या ना."

"आबा, हाई मशीन डोकानं शे, गुडघानं नही."

"मॅडमले सांगू नका ना मंग," आबा म्हणाले. त्यांना वाटलं मी चिक्कूपणा करतोय.

बायकांची अडचण वेगळी. खेड्यातली वयस्क बाई परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर काढत नाही, आणि कॉइल तर डोक्याला टेकली पाहिजे. सुरुवातीला दोघी-तिघी या एका कारणासाठी खुर्चीपर्यंत येऊन परत गेल्या. मॅडम चिडल्या नाहीत आणि अडाणी आहेत असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पोहणारे घालतात तशा पातळ, घट्ट टोप्या मागवल्या. शेजारच्या खोलीत सिस्टर त्या बाईच्या डोक्यावर टोपी चढवणार, मोजून खुणा करणार, वरून पदर घेऊन बाई माझ्या खोलीत येणार. मग पदर सरकला तरी डोकं झाकलेलंच. त्यानंतर एकही बाई परत गेली नाही. मी इतकी वर्षं मोठमोठे इंजिनिअर पाहिले, पण माणसाकडे बघून यंत्रात बदल करणारा क्वचितच पाहिला.

या अभ्यासातली सगळ्यांत अवघड गोष्ट मला समजायला महिना लागला. अंगठा उडवायची कॉइल सोडून आमच्याकडे उपचाराच्या दोन कॉइल होत्या, दिसायला जुळ्या. एकीला निळी पट्टी, दुसरीला पिवळी. त्यातली एक खरी, एक खोटी. खोटी टक टक तशीच करायची, पण चुंबकत्व डोक्यापर्यंत पोचायचं नाही. कोणती खरी ते पुण्यातल्या एका तज्ज्ञाला माहीत होतं. मला नाही, मॅडमनाही नाही. प्रत्येक पेशंटच्या नावाचं बंद पाकीट यायचं, त्यात निळी किंवा पिवळी एवढंच लिहिलेलं.

"पण हे फसवणं नाही का?" मी विचारलं होतं.

"फसवणं कसं? सगळ्यांना आधी स्पष्ट सांगतो, समजलं की नाही विचारतो, मगच सही घेतो. त्यांची औषधंही चालू राहतात," मॅडम म्हणाल्या. "आप्पा, रोज कुणीतरी आपली वाट बघतंय, डोक्याला हात लावतंय, कसं वाटतंय विचारतंय, यानंही माणसाला बरं वाटतं. मग मशीनचं श्रेय किती आणि या बाकीच्याचं किती? ते मला माहीत नाही. म्हणून हा खटाटोप."

'मला माहीत नाही' हे शब्द त्या डॉक्टर असून दिवसातून दहादा म्हणायच्या. मला आधी ते कमीपणाचं वाटायचं. पुढे त्याचाच आदर वाटायला लागला.

मग उन्हाळा आला. जळगावचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. कॉइल तापली की मशीन आपोआप बंद पडतं, म्हणून मी दर पेशंटनंतर कॉइलला हात लावून बघायचो. तेही हाताच्या पाठीनं. वीजकेंद्रात पंपाचं बेअरिंग तापलंय का ते असंच बघतात. तळहात राठ झालेला असतो, त्याला नीट कळत नाही. पाठीची कातडी पातळ, तिला लगेच कळतं. बत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप जायचा. आणि आठ-दहा दिवसांत त्या हाताला जे कळायचं ते कळलं. पिवळी पट्टी तापत होती. निळी कोमटच्या वर जात नव्हती.

मी कुणाला काही बोललो नाही. मी मुद्दाम कुठं काय शोधलं होतं, अशी स्वतःची समजूत घातली. पण कळलेलं पुसता येत नाही. पाकिटात निळी निघाली की मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचायचो. ही माणसं रावेर, यावल, चोपड्याहून दोन-दोन एसटी बदलून यायची आणि नुसती टक टक ऐकून जायची. मग मी त्यांची भरपाई करायला लागलो. पिवळीवाल्यांशी कामापुरतं बोलायचो. निळीवाल्यांसाठी आधी पंखा लावून ठेवायचो, पीकपाणी विचारायचो, विनोद सांगायचो, अर्धा-पाऊण तास त्यांचाच होऊन बसायचो. मला वाटायचं मी चांगलं काम करतोय.

त्याच दिवसांत सिंधूअक्का आल्या. फैजपूरजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या पुढच्या, केळीवाल्या घरच्या. बरोबर त्यांचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणायचे. अक्का वर्षभर औषधं घेत होत्या. बोलणं जवळजवळ बंद, जेवण दोन घासांवर आलेलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायचं. एकदा भल्या सकाळी त्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसलेल्या सापडल्या होत्या. तेव्हापासून नाना त्यांना क्षणभर एकटं सोडत नव्हते.

"आमच्या घरी काई कमी नई, भाऊ," नाना मला म्हणाले. "पोरं कामाची हायेत, सुना चांगल्या हायेत, बाग चांगली हाये. मंग हिले झालं तरी काय? लोकं मले विचारते, मी त्याहीले काय सांगू?"

मॅडम त्यांना म्हणाल्या, "नाना, दमा झाला असता तर कशाची कमी आहे असं कुणी विचारलं असतं का?" पुढे नाना हेच वाक्य गावात सगळ्यांना सांगायचे, असं मला नंतर कळलं.

अक्कांचं पाकीट उघडलं. निळी.

रोज त्या टोपीवर पदर घेऊन यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या. मी बोलत राहायचो. त्यांना केळीतलं सगळं कळणार म्हणून मी माझ्या क्वार्टरमागच्या केळीचं सांगितलं होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून मी त्याच भागात घर घेतलं, तेव्हा तिथली दोन झाडं आणून लावली होती. आता त्यांच्या बुडाशी सात-आठ पिलं फुटली होती. मी कौतुकानं सगळी ठेवली होती, पण घड काही नीट धरत नव्हता. ही रड मी रोज सांगायचो. नवव्या दिवशी टक टक चालू असताना अक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "सगळे पिलं ठेवत नई, भाऊ. एक ठेवा लागते. बाकीचे कापा लागते."

मी मशीन बंद करायचंच विसरलो, बरं झालं ते स्वतः थांबतं. नाना बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

चार आठवडे संपले तेव्हा अक्का दोन पोळ्या खात होत्या, सुनेशी बोलत होत्या. मॅडमनी ठरलेले प्रश्न विचारून गुण मांडले. मॅडमना पट्टी माहीत होती, पण ती खरी की खोटी ते नव्हतं. कागदावर अक्का चांगल्यापैकी सुधारलेल्या होत्या. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, खोट्या कॉइलनं मी ही बाई उठवली.

नियम असा होता. ज्याला चार आठवड्यांत उतार पडला नाही, त्याला अभ्यासातून बाहेर काढून उघडपणे खरा उपचार द्यायचा. ज्याला उतार पडला, त्यानं आठवड्यातून एकदा यायचं आणि तीच पट्टी लावून घ्यायची. अक्का दर गुरुवारी यायला लागल्या. पहिल्या गुरुवारी थोडं बोलल्या. दुसऱ्या गुरुवारी विचारलं तेवढंच. चौथ्या गुरुवारी नानांनी त्यांना धरून आणलं. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं आणि तोंड पुन्हा भिंतीकडे गेलं होतं.

मी तडक मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी अर्धा तास अक्कांपाशी बसून तपासलं, औषधं बदलली, नानांना घरी काय काळजी घ्यायची ते दोनदा समजावलं. मग नियमांची वही उघडली.

"या कॉइलनं त्यांना एकदा गुण आलेला आहे," त्या मला म्हणाल्या. "सुधारून परत घसरलेल्यांना तीच पट्टी पुन्हा रोज, दोन आठवडे. आप्पा, उद्यापासून निळी रोज."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. मी बोललो नसतो तर अक्कांचे गुण वाढले नसते, गुण वाढले नसते तर महिन्यापूर्वीच त्यांना खरा उपचार मिळाला असता. माझ्या चांगुलपणानं त्या बाईला खोट्या कॉइलला बांधून ठेवलं होतं, आणि आता पुढचे दोन आठवडे पुन्हा तेच होणार होतं. त्या दोन आठवड्यांत विहीर होती तिथंच होती. सांगावं, तर परवानग्या आणि तयारीपासूनचं मॅडमचं तीन वर्षांचं काम माझ्या एका वाक्यानं मातीत जाणार. खोटं कशाला लिहू, मी न सांगताच दारापर्यंत गेलो होतो. नियम मॅडमचा आहे, मी कोण, असंही मनात येऊन गेलं.

मग वळलो आणि म्हणालो, "मॅडम, निळी खोटी आहे."

त्यांना आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. हाताची पाठ, मे महिना, पंखा, गप्पा, केळीची पिलं. शेवटी म्हणालो, "मीटर मी वाचला होता. लिहिला नाही."

मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मग एकच प्रश्न विचारला. "कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला, आमच्या अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीलाही लावला. "माझ्या खोलीत गुप्तता राहिलेली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. 'माझ्या माणसाकडून' असं नाही म्हणाल्या. पुण्याहून उत्तर आलं. निळी खोटीच होती. संध्याकाळपर्यंत अभ्यास थांबला होता, आणि अक्कांना दुसऱ्या दिवसापासून खरी कॉइल लावायचं ठरलं होतं.

मला वाटलं होतं मॅडम मला घालवून देतील. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर फैजपूरकडे यायचंय."

नानांच्या ओट्यावर आम्ही बसलो. आत खाटेवर अक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि मॅडमना ते तसंच हवं होतं. त्यांनी एकही गोष्ट लपवली नाही. खरी कॉइल तापते, खोटी तापत नाही, आप्पांना हाताच्या पाठीनं ते कळलं, पुढे काय झालं आणि त्यामुळे अक्कांना खरा उपचार मिळायला महिना उशीर कसा झाला, सगळं सांगितलं.

नानांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे इतले दिवस आमी नुसती टक टक ऐकाले येत होतो?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "खोटी कॉइल लागू शकते हे तुम्हाला सांगितलं होतं. पण हा उशीर तुम्हाला सांगितलेला नव्हता. ती आमची चूक. दोन्ही कॉइल सारख्या तापतात का, हे मी पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं. तुम्हाला तक्रार करायची असेल तर कुणाकडे करायची तेही लिहून आणलंय." आणि त्यांनी खरोखर कागद पुढे केला.

नानांनी कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुमी आमच्यासाठी वाईट केलं नई. पन सांगाले उशीर केला." सून चहा घेऊन आली. मी माझा कप तसाच ओट्यावर ठेवला.

मॅडमनी निळ्या पट्टीच्या प्रत्येक माणसाला असंच स्वतः सांगितलं आणि ज्याला हवा त्याला खरा उपचार दिला. माझ्या हातून झालेल्या सगळ्या पेशंटांचे कागद बाजूला ठेवले गेले. पुढे डॉक्टरांच्या एका सभेत त्या आपल्या यशावर बोलतील असं सगळ्यांना वाटत होतं, तर त्या उभ्या राहिल्या आणि आमच्या खोलीतली गुप्तता कशी फुटली यावरच बोलल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एका डॉक्टरानं विचारलं, "म्हणजे तीन वर्षं वाया गेली?" मॅडम म्हणाल्या, "नाही. चांगल्या मनाच्या माणसाला आपण खोलीत बसवतो तेव्हा काय मोजायचं राहून जातं, ते कळलं." मला त्या वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी या बाईंच्या हाताखाली काम करतोय याचा अभिमानही वाटत होता.

आता अभ्यास नव्यानं सुरू आहे. दोन्ही कॉइल सारख्याच तापाव्यात म्हणून खोटीत गरम करणारी तार घातली आहे. ती मीच बसवून दिली आणि नंतर माझा त्या कॉइलींशी संबंध ठेवलेला नाही; मी आता अभ्यासाबाहेरच्या पेशंटांना खरी कॉइल लावतो. पेशंटशी काय बोलायचं त्याची ठरलेली वाक्यं आहेत, सगळ्यांना सारखी. आणि कॉइलला हात लावून बघायला सक्त मनाई आहे.

अक्कांचं शेवटचं सांगण्याआधी मॅडमची अट पाळतो. हा लेख त्यांनी वाचला आणि एक वाक्य घालायला लावलं: एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. अक्कांची औषधंही बदलली होती, घरचेही जास्त जपत होते. हे लिहिलं, आता पुढे जातो.

अक्कांना पिवळी सुरू झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "त्या आता अभ्यासात नाहीत. तुम्ही बोला त्यांच्याशी." पण माझी जीभच उचलेना. इतकं बोलून ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याशी कुठल्या तोंडानं केळीच्या गप्पा मारायच्या? मी कॉइल टेकवायचो, मशीन चालू करायचो आणि मुकाट बसायचो. अक्का भिंतीकडे बघायच्या. मॅडम रोज दारात येऊन उभ्या राहायच्या. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात नाना म्हणाले, अक्का स्वतःहून पाणी मागतात. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी टक टक संपली, मी कॉइल काढली आणि जागेवर ठेवायला वळलो.

"भाऊ."

मी मागे बघितलं. अक्का भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"पयले तुमी झाल्यावर रोज त्याले हात लावून पाहत होते. असा." त्यांनी आपला हात उलटा करून दाखवला. "आता काऊन नई पाहत?"

महिनाभर आमच्या कागदांवर लिहिलं जात होतं, पेशंटचं आजूबाजूला लक्ष नाही. आणि या बाईनं माझा हात पाहिला होता, रोज पाहिला होता. मी म्हणालो, "आता मनाई आहे, अक्का."

"मंग आज एक डाव पाहा. मले बी समजू द्या."

मी दाराकडे बघितलं. मॅडम उभ्या होत्या. नियमाच्या बाबतीत इतक्या कडक असणाऱ्या त्या बाईंनी होकारार्थी मान हलवली.

मी हाताची पाठ कॉइलला टेकवली. "गरम शे, अक्का," मी म्हणालो. गावाकडचे आबा सोडले तर दवाखान्यात मी घरची बोली बोलत नाही.

अक्कांनी पदर सावरला, पुढे वाकून आपल्या हाताची पाठही तिथं टेकवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मग हात मागे घेऊन म्हणाल्या, "तुमच्या केळीचे पिलं कापले का मंग?"

कापली नव्हती. त्या दिवशी घरी गेल्यावर डबा ठेवला आणि आधी विळा शोधला.